वजनाचं ऑपरेशन करू का? आणि कुठलं?

प्रश्न असा आला आहे: "वय ३९, उंची १५७ सेंमी, वजन १०८ किलो. आठ वर्षांपासून मधुमेह, गेल्या वर्षापासून रात्रीचं इन्सुलिन. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१. रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येतं. आम्ही पूर्ण शाकाहारी. तीनदा डाएट केलं, दर वेळी दहा-बारा किलो उतरलं आणि वर्षभरात परत चढलं. एका डॉक्टरांनी स्लीव्ह सांगितली, दुसऱ्यांनी बायपास. सासूबाई म्हणतात, तोंडावर ताबा ठेवलास तर पोट कापायची वेळच येणार नाही. करू का ऑपरेशन? आणि कुठलं?"

ताई, आधी सासूबाईंच्या वाक्याबद्दल बोलतो. माझ्या ओपीडीत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ते घरात ऐकलेलं असतं आणि बहुतेकांना ते मनातून पटलेलंही असतं. हात असलेली खुर्ची टाळून बाकाच्या कडेला बसायचं, काटा पाहताना मान खाली घालायची आणि मी काही विचारायच्या आत सांगायचं, "डॉक्टर, चूक माझीच आहे." वीस वर्षं मी हे बघतोय आणि अजूनही ते ऐकवत नाही.

तुम्ही तीन वेळा दहा-बारा किलो उतरवलेत. ज्याच्या तोंडावर ताबा नाही, त्याला हे एकदाही जमत नाही. वजन परत आलं, कारण शरीराला उतरलेलं वजन म्हणजे दुष्काळ वाटतो. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक तयार होतं, ते वाढतं. चरबीतून मेंदूला 'पुरे' असा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. आणि शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा जाळतं तीही घटते. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती, आणि तीही बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आल्यानंतर. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या शेजारणीइतकं जेवलं तरी त्यांचं वजन वाढणार. हे सासूबाईंना जरूर वाचून दाखवा. त्या वाईट मनाने बोलत नसणार. त्यांना पोट कापण्याची भीती वाटते, आणि ती भीती बरोबर आहे. त्या भीतीबद्दल पुढे लिहितो.

ऑपरेशन नेमकं काय करतं, हे आम्हा सर्जनांनाही उशिरा कळलं. १९६० च्या दशकात अमेरिकेत आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केली तेव्हा हिशोब साधा होता: जठर लहान करा, माणूस कमी जेवेल. पण १९९५ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या वॉल्टर पोरीज यांनी आपल्या रुग्णांची आकडेवारी मांडली. त्यांच्या मधुमेही रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांची साखर बायपासनंतर नॉर्मलवर आलेली होती, आणि ती वजन उतरायच्या आधी, अवघ्या काही दिवसांत खाली येत होती. कमी जेवण एवढंच त्याचं कारण असू शकत नव्हतं. आता माहीत आहे की अन्न लहान आतड्याच्या शेवटाकडच्या भागात लवकर पोचलं की जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जोरात सुटतात, इन्सुलिन नीट काम करू लागतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला खणखणीत पोचतो. रुग्ण मला येऊन सांगतात, "डॉक्टर, ताटात भजी आहे आणि मला नकोय, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं." त्यांचा निश्चय रातोरात वाढलेला नसतो. भूकच बदललेली असते.

आता तुमचे आकडे. १०८ भागिले १.५७ चा वर्ग, म्हणजे बीएमआय जवळपास ४३.८. ऑपरेशनसाठी बसता का, हा प्रश्नच उरत नाही. १९९१ च्या जुन्या अमेरिकन निकषांनीही तुम्ही बसला असतात: ४०, किंवा सोबत आजार असेल तर ३५. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते निकष खाली आणले. आजार असो वा नसो ३५, मधुमेहासारखा आजार असेल तर ३०, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा. आपल्यासाठी वेगळा आकडा का, ते पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये फार सुंदर दाखवलं. ते आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या अंगकाठीत चरबी लपून बसते, पोटाभोवती आणि लिव्हरमध्ये. त्यामुळे काट्यावर बेताचं वजन असतानाच आपल्याकडे मधुमेह दार ठोठावतो.

विम्याचं एका दमात सांगून टाकतो. आयआरडीएआय या सरकारी विमा नियामक संस्थेच्या २०१९ च्या नियमांनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा क्लेम मिळायला रुग्ण १८ वर्षांवरील हवा, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवलेली हवी आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. ३५ असेल तर सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा औषधांनी ताब्यात न येणारा टाइप-२ मधुमेह यांसारखा आजार हवा. तुम्ही ४० च्या वर आहात. पॉलिसीचा वेटिंग पिरियड मात्र आधी तपासा, आणि ॲडमिट होण्यापूर्वी लेखी मंजुरी घ्या. वजन आणि उंची तारखेसह डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्या, क्लेम बऱ्याचदा तिथेच अडतो.

स्लीव्ह की बायपास? तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून घाबरू नका. दोघांकडेही कारणं असतील.

स्लीव्हमध्ये आम्ही जठराचा बाहेरच्या वळणाचा भाग काढून टाकतो, साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त. आत एक जाड नळी सोडायची, ती माप म्हणून धरायची आणि तिच्या कडेने स्टेपलर चालवत वर जायचं. हा स्टेपलर दोन्ही बाजूंना बारीक टाक्यांच्या तीन-तीन ओळी घालतो आणि मधून कापतो. एक फायर झाली की मी थोडा थांबतो, ऊतीला दबू देतो, मग पुढची. घाई केली तर टाका नीट बसत नाही. शेवटी कापलेलं जठर पोटावरच्या एका छोट्या छिद्रातून बाहेर येतं, आणि आत उरते केळ्याएवढी नळी. घ्रेलिन बनवणारा फुगीर भाग बाहेर गेलेला असतो. आतड्याला हात लावलेला नसतो. म्हणून हे ऑपरेशन तुलनेने सोपं, जीवनसत्त्वांची ओढाताण कमी, आणि आज सगळीकडे तेच जास्त होतं.

पण ती नळी अरुंद असते आणि तिच्यात दाब जास्त असतो. ॲसिड वर यायला वाट सोपी होते. फिनलंडमध्ये २४० रुग्णांची स्लीव्ह आणि बायपास अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केली होती. दहा वर्षांनी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी केली तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना दिसली, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना. वजनही बायपासमध्ये थोडं जास्त उतरलेलं राहिलं. तुम्ही लिहिलंत की आडवं झालं की घशाशी आंबट येतं. माझ्यासाठी तुमच्या पत्रातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. एंडोस्कोपी न करता कोणी तुम्हाला स्लीव्हची तारीख देत असेल तर घेऊ नका.

रू-एन-वाय बायपासमध्ये, म्हणजे नेहमीच्या बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी करतो आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतो. बाकीचं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न तिथे जात नाही. ॲसिडची तक्रार यात बहुधा शमते आणि मधुमेहावर परिणाम सरस असतो. तिसरा प्रकार मिनी बायपास, म्हणजे जठराच्या लांबट पिशवीला आतडं एकाच ठिकाणी जोडायचं; तो भारतात खूप केला जातो. साखर आणि वजन दोन्हींवर तो चांगला चालतो. पण त्यात पित्त वर येऊ शकतं, आणि आतडं जास्त लांब वगळलं तर शाकाहारी, पाळी सुरू असलेल्या बाईचं प्रोटीन आणि लोह असं घसरतं की सावरायला महिने लागतात. तुमच्यासाठी मी तो पहिल्या पसंतीने निवडणार नाही. एंडोस्कोपीत वेगळं काही निघालं नाही तर माझं मत रू-एन-वाय बायपासच्या बाजूने आहे. फक्त एका अटीवर: गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर. ते जमणार नसेल तर मला आत्ताच सांगा. मग आपण वेगळा विचार करू.

मधुमेह जाईल का? पूर्ण जाईल असं वचन देणाऱ्यापासून लांब राहा. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या १५० रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा खाली असलेले लोक असे होते: नुसत्या औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३, बायपासनंतर २९. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह शमलेला होता, पंधरा वर्षांनी ३० टक्के. म्हणजे तो परत येऊ शकतो. जितकी वर्षं जुना आणि इन्सुलिनची जितकी गरज जास्त, तितकी पूर्ण सुटकेची आशा कमी. तुमची आठ वर्षं आणि एका वर्षाचं इन्सुलिन ही मधली पायरी आहे. सी-पेप्टाइडची तपासणी करून घ्या, स्वादुपिंडात किती जीव शिल्लक आहे त्याचा अंदाज येतो. इन्सुलिन सुटणं आणि एक-दोन गोळ्यांवर साखर ताब्यात राहणं, हेही मी मोठं यश मानतो. डोळे आणि किडनी त्यानेच वाचतात. त्याच स्वीडिश अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतं.

आणि वजन? दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के. तुमच्या बाबतीत २७ ते ३२ किलो. म्हणजे तुम्ही ७६ ते ८१ वर स्थिरावाल. बारीक नाही होणार. जिना चढताना थांबावं लागणार नाही, मांडी घालून बसता येईल, झोप शांत लागेल. पण दंडाची आणि पोटाची कातडी लोंबेल, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळतील. ते बहुधा परत येतात, पण त्या काळात प्रत्येक बाई रडत फोन करते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांचं बरेच जण विचारतात. सेमाग्लुटाइडने मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. दोन्ही औषधं २०२५ पासून आपल्याकडे वजनासाठी मिळतात आणि ती खरोखर चांगली आहेत. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आलं. ज्यांचा बीएमआय ३० ते ३५ च्या आसपास आहे, त्यांना मी आधी इंजेक्शनच सुचवतो. ४४ ला, इतक्या जुन्या मधुमेहासोबत, मला ऑपरेशनचं पारडं जड वाटतं. ऑपरेशन तुम्हाला मनापासून नकोसं वाटत असेल तर सहा महिने इंजेक्शन घेऊन बघायला काहीच हरकत नाही.

आता सासूबाईंची भीती. २००९ मध्ये अमेरिकेतल्या दहा केंद्रांतल्या ४,७७६ रुग्णांचा हिशोब प्रसिद्ध झाला: ३० दिवसांत हजारात तीन मृत्यू. आज चांगल्या केंद्रांत हे प्रमाण आणखी कमी आहे, पण शून्य नाही. दोन गोष्टींची धास्ती असते. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. म्हणून आम्ही त्याच संध्याकाळी चालायला लावतो, रुग्ण कितीही रागावला तरी. दुसरी, टाक्यातून गळती. पोटाची जाड भिंत असलेल्या माणसात गळतीचं पोट कडक होत नाही, ताप उशिरा येतो. सर्वांत आधी बोलते ती नाडी. घरी गेल्यावर नाडी विश्रांतीत १२० च्या आसपास धावत असेल, श्वास लागत असेल, डावा खांदा दुखत असेल, तर 'गॅस झाला असेल' म्हणत ओवा खात बसू नका. त्याच तासाला ऑपरेशन केलेल्या टीमला फोन करा.

ऑपरेशनपूर्वी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, जवळजवळ पातळ आहार असतो. चरबीने फुगलेलं लिव्हर त्याने आकसतं आणि आम्हाला जठरापर्यंत जागा मिळते. त्या दिवसांत मधुमेहाच्या औषधांचे डोस बदलावे लागतात. विशेषतः डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची ते विचारा; कमी खाण्यासोबत ती चालू राहिली तर रक्तात ॲसिड साचू शकतं. मिश्री लावत असाल तर ती आत्ताच सोडा. पुष्कळ बायका तंबाखू खातो का विचारलं की ठाम 'नाही' म्हणतात आणि मिश्री धरतच नाहीत. बायपासच्या जोडाजवळ अल्सर व्हायला ती सिगरेटच्याच रांगेत आहे.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन कुस्करलेलं, मग मऊ. सुरुवातीला औषधाच्या बाटलीच्या टोपणाने, ३० मिलि, दर पंधरा मिनिटांनी. हे वाचायला सोपं वाटतं, करायला फार चिवटपणा लागतो. दिवसभर तेच काम असतं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. ताटात आधी उसळ, पनीर, वरणातली घट्ट डाळ, आणि जागा उरली तरच भाकरी. मऊ पोळी चावून तिचा गोळा होतो आणि तो अडकतो. बासुंदी, उसाचा रस अशा गोष्टी बायपासनंतर थेट आतड्यात उतरतात: घाम, धडधड, चक्कर, जुलाब. याला डंपिंग म्हणतात, आणि ज्याला एकदा झालं तो दुसऱ्यांदा रसवंतीकडे वळत नाही.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन. शाकाहारी घरात हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय जमत नाही. १०० ग्रॅम पनीर, १८ ग्रॅम. वाटीभर शिजलेली घट्ट डाळ, सात. पेलाभर दूध, साडेसहा. मूठभर सोया चंक्स, म्हणजे कोरडे २५ ग्रॅम, तेरा. एवढं करूनही पंचेचाळीसच होतात, आणि पहिले काही महिने एवढंही पोटात मावत नाही. म्हणून पावडर लागतेच. श्रीखंडासाठी चक्का बांधता ना, तोच साखर न घालता, जिरं-मीठ लावून खा. माझ्या अनेक रुग्णांचा तो आधार झालाय. आणि उपवास निदान पहिलं वर्ष नको. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट आणि तेलाशिवाय हाताला फारसं काही लागत नाही.

गोळ्यांमध्ये मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, कॅल्शियम सायट्रेट, लोह. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. शाकाहारी आणि त्यातून मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच तळाला असतं. ते आधी भरून घ्या.

एक प्रसंग सांगतो, कारण तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एक बाई, ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालेलं. तिसऱ्या आठवड्यापासून खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. घरच्यांना वाटलं, असंच असतं, त्यानेच तर वजन उतरतं. अशक्तपणा वाढला म्हणून गावात सलाईन लावलं, ग्लुकोजचं. दोन दिवसांनी तिला एकाचे दोन दिसायला लागले. माझ्याकडे आली तेव्हा बुबुळं एका जागी ठरत नव्हती, भिंत धरूनही पाऊल सरळ पडत नव्हतं आणि आपण कुठे आहोत ते तिला सांगता येत नव्हतं. हा थायमिनचा, म्हणजे बी-१ चा अभाव. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. उलट्यांनी तो संपतो, आणि त्यावर नुसतं ग्लुकोज दिलं की उरलासुरलाही जळून जातो. आम्ही शिरेतून थायमिन दिलं. डोळे दोन दिवसांत स्थिर झाले. चाल पूर्ण सुधारली नाही. आजही ती जिना उतरताना कठडा सोडत नाही. काही रुपयांचं इंजेक्शन वेळेत मिळालं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. म्हणून सांगतो, दोन-तीन दिवसांहून जास्त उलट्या होत राहणं हे ऑपरेशनचं यश नाही. तो आजार आहे.

तुम्ही ३९ च्या आहात म्हणून हेही: वजन उतरलं की बंद पडलेली पाळी परत येते आणि अनपेक्षित दिवस राहू शकतात. निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा नको, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका. कॉपर-टी बरी.

हॉस्पिटल निवडताना पॅकेजचा आकडा विचारालच. त्यासोबत हे विचारा: तिसऱ्या वर्षी माझं लोह घसरलं तर मला कोण बघणार? आहारतज्ज्ञ हॉस्पिटलच्या पगारावर आहेत की फक्त ऑपरेशनच्या दिवशी येतात? रात्री दोन वाजता मी कोणत्या नंबरवर फोन करायचा? तिथे आधी ऑपरेशन झालेल्या, पाच वर्षं उलटलेल्या एखाद्या बाईशी बोलायला मिळेल का? सहा महिने झालेली बाई खूशच असते. पाच वर्षांनंतरची खरं सांगते.

आणि ऑपरेशन झालंच, तर पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी ठेवा. माझ्या प्रत्येक रुग्णाला मी ती मराठीत आणि इंग्रजीत लिहून देतो, कारण रात्री-अपरात्री तुम्ही ज्या दवाखान्यात पोचाल, तिथल्या डॉक्टरांना तुमच्या पोटात काय बदललंय ते बाहेरून दिसणार नाही: "माझं गॅस्ट्रिक बायपास झालं आहे. उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. नाकातून नळी अंदाजाने घालू नका. पोटात कळ येऊन थांबत नसेल तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, सीटी स्कॅन करा आणि माझ्या सर्जनना फोन करा." खाली नाव, तारीख, नंबर. दोन प्रती काढा. एक सासूबाईंकडे द्या.